डोक्याकडची बाजू

मूर्ती आली तेव्हा धानाची मळणी सुरू होती.
ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, तणसात रुतवून बसवलेले
पितळेचे बुद्ध,
मागून मिनीबस, थायलंडचे सोळा पाहुणे,
आणि दुभाषी म्हणून सुगत मेश्राम,
तीन वर्षं तिकडच्या हॉटेलात भांड्यावर होता तो.

आदल्या रात्री विहारात त्यानं सगळ्यांना बसवून सांगितलं :
त्यांच्या डोक्याला हात लावायचा नाही, मायेनंसुद्धा.
पायाचा तळवा कोणाकडे करायचा नाही.
हात जोडले की बोटांची टोकं
बरोबरीच्यासमोर हनुवटीशी,
मोठ्यांसमोर नाकाशी,
भन्तेजींसमोर भुवयांशी.
कवडू म्हातारा म्हणाला, "आन मंग जयभीम कुठी ठेवाचा?"
मी अर्धंच ऐकलं.
पताकांच्या दुमडी राहिल्या होत्या माझ्या.

ट्रॉलीच्या फाळक्याला खिळा होता.
त्या बाईचं वस्त्र घोट्यापासून वीतभर फाटलं.
सुगत तिला घेऊन माझ्या दारात.
मालै तिचं नाव. म्हणजे माळ, म्हणाला,
हार करतो आपण, ती.
आईनं लगेच तिची मालूबाई केली.

चपला तिनं पार अंगणाच्या कडेला काढल्या.
माझं पांढरं पातळ गुंडाळून खाटेवर बसली,
पाय एका बाजूला मुडपून, तळवे लपवून,
आणि दोन्ही हातांनी मला ते दिलं
जसं कोणी निजलेलं लेकरू देतं.

उलगडून पाहिलं तर पदर नाही, निऱ्या नाहीत,
नाडी नाही, नेफा नाही.
नुसती नळी. एक शिवण.
कमरेशी घडी घालायची, वर पट्टा.
काठावर मात्र इतकी बारीक नक्षी
की आमच्या कोशाच्या विणकरानंही चष्मा पुसला असता.

मी नेहमीसारखी मशीनवर बसले.
फाटलेला काठ सुईखाली,
आणि कापड ताणून राहावं म्हणून
दुसरं टोक पायाच्या अंगठ्यात धरलं.

मालै हसत होती. हसतच राहिली,
पण डोळे खाली, माझ्या अंगठ्यावर.
सुगत पुटपुटला, "ताई, पाय काढ.
त्या कपड्याला डोकं असते.
वरचा भाग डोकं, मधला अंग, खालचा पाय.
तू डोक्यावर पाय देऊन पाय शिवून राहिली."

अंगठा जागच्या जागी गरम झाला.
मी ते टोक उचललं, झटकलं,
कुठं ठेवू कळेना,
शेवटी खांद्यावर घेतलं
आणि वाकड्या मानेनं शिवण पुरी केली.
टीप थोडी तिरपी गेली. अजून असेल.

तेवढ्यात भन्तेजींचा निरोप आला, घाई झाली.
ती नेसून निघाली.
दाराशी आई बसली होती, शेंगा सोलत.
मालै तिच्यासमोरून गेली ती कमरेत वाकून,
खांदे उतरवून, जवळजवळ बसल्यासारखी,
सावलीसुद्धा वर येऊ नये इतकी.

"काऊन वं, कंबर दुखते का तिची?"
"नाही काकू," सुगत म्हणाला, "तुम्ही मोठ्या ना वयानं.
मोठ्या माणसासमोरून असंच जातेत ते."

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली.
मालगुजाराच्या ओसरीसमोरून
ती ज्या वाकण्यानं जायची, ते मी पाहिलेलं नाही.
तिनं एकदाच करून दाखवलं होतं,
भाकरी थापता थापता उठून,
आणि परत बसून पुढची भाकरी घेतली होती.
हुबेहूब तेच.
फक्त या वेळी बसलेली ती होती.

शेंगा संपल्या तरी आई उठली नाही.
विहारातून वंदना ऐकू येत होती,
माणसं जात येत होती, आपली ताठ, गप्पा मारत,
कोणी "जयभीम काकू", कोणी नुसतंच.
ती प्रत्येकाची कंबर पाहत होती.
मग मला म्हणाली, "दिवा लाव. आन वाकून नोको जाऊ,
मले नाही आवडत."

आता कापड मी पायात धरत नाही.
हात दोनच. दातात धरते.